मदत हवी आहे: 'रिदम ऑफ द नाइट' नक्की गायलंय कोणी?

रातराणी

नमस्कार मंडळी,

प्रश्न किरकोळ वाटेल, पण यावरून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार दिवस धुमश्चक्री चालू आहे. रविवारपर्यंत निकाल लागला नाही तर दोघी जणी स्टेजवरच भांडतील अशी लक्षणं आहेत.

आमच्या बी.कॉम.च्या बॅचचं रियुनियन आहे. १९९५ च्या गॅदरिंगला आम्ही पाच जणींनी कोरोनाच्या 'रिदम ऑफ द नाइट'वर डान्स केला होता. (हो, गाणाऱ्या ग्रुपचं नाव कोरोनाच. लेकीला सांगितलं तर ती दहा मिनिटं हसत होती.) ध्रुवपद सोडलं तर एकही ओळ कळत नव्हती, नुसते ओठ हलवले होते. आता तोच डान्स गुडघ्यांना झेपेल तितपत पुन्हा करायचाय. पडद्यावर गाण्याचं नाव, साल आणि गायिका अशी एक स्लाइड येणार आहे, आणि घोडं तिथेच अडलंय.

एक मैत्रीण म्हणते, गायिका ओल्गा सूझा. व्हिडिओत तीच आहे, आमच्याकडे कॅसेटही तिच्याच फोटोची होती. दुसरीचा भाचा म्हणतो की ती बाई गायलेलीच नाही, आवाज जेनी बी नावाच्या कोणाचा आहे. माझी लेक म्हणते, हे मुळात ब्लॅक आइड पीजचं गाणं आहे. तिला मी गप्प केलंय.

जाणकारांनी कृपया सांगावं:

१. स्लाइडवर नाव कोणाचं टाकू?

२. निवेदन करणाऱ्या मित्राने 'जगभर नंबर वन ठरलेलं गाणं' असं लिहून ठेवलंय. चालेल का?

३. डान्स बसवला होता तो कोपऱ्यावरच्या दुकानातून भरून घेतलेल्या कॅसेटवर. आता फोनवर मिळणारं गाणं तसं वाटत नाही. आमच्यात सुरुवातीला बराच वेळ नुसता ठेका होता, त्यातच आमची एंट्री व्हायची. इथे बाई लगेच गायला लागते. माझा भ्रम आहे का?

डीजे निवृत्त

भाचा बरोबर आहे. आवाज जेनी बी, म्हणजे जोव्हाना बेर्सोला, हिचा. सिसिलीतल्या कातानियाची. त्या काळी इटलीतल्या स्टुडिओंमध्ये पडद्यामागून गाणाऱ्या मुलींपैकी ती एक. १९९४ चं प्लेहिटीचं 'द समर इज मॅजिक' ऐका, आवाज लगेच ओळखाल. पुढे २००० साली इटलीतल्या सानरेमो गीत महोत्सवात नवोदितांच्या गटात ती पहिली आली, तेव्हा कुठे लोकांना तिचा चेहरा कळला.

ओल्गा सूझा मूळची ब्राझीलची, रिओची. व्हिडिओ, टीव्ही, दौरे सगळीकडे ती. म्हणजे मैत्रीणही अगदीच चूक नाही, कोरोना म्हणून जगाने पाहिली ती ओल्गाच.

गंमत अशी की कोरोना हा 'ग्रुप' नव्हताच. इटालियनमध्ये कोरोना म्हणजे मुकुट. हा फ्रांचेस्को बोन्तेम्पी या निर्मात्याचा प्रोजेक्ट. डीजे म्हणून तो ली मॅरो या नावाने वावरायचा. तिथली पद्धतच ती. निर्माता स्टुडिओत ट्रॅक तयार करणार, एखादी गायिका येऊन गाऊन जाणार, आणि टीव्हीसाठी नाचू शकणारी, देखणी मुलगी वेगळी शोधणार. नाव निर्मात्याच्या मालकीचं, त्यामुळे आवाज बदलला तरी दुकान चालू. १९९५ चं 'बेबी बेबी' सँड्रा चेंबर्सने गायलंय. व्हिडिओत पुन्हा ओल्गाच!

दुसरा प्रश्न: निवेदकाला आवरा. सिंगल इटलीत नोव्हेंबर १९९३ मध्ये आलं आणि तिथे पहिल्या क्रमांकावर गेलं. ब्रिटनमध्ये ते पोचलं १९९४ च्या सप्टेंबरात आणि दुसऱ्या क्रमांकावर थांबलं. अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या हॉट १०० यादीत ११ वं. त्याच सप्टेंबरात ब्रिटनमध्ये वर बसलं होतं व्हिगफील्डचं 'सॅटर्डे नाइट'. तेही इटालियन निर्मात्यांचंच, गायिका म्हणून समोर डेन्मार्कची मुलगी. म्हणजे घरच्याच माणसाने वाट अडवली म्हणा ना.

आता दहा महिने उशीर का? इंग्रज पर्यटक उन्हाळ्यात भूमध्य समुद्राकाठी जाणार, तिथल्या क्लबात रोज रात्री तेच गाणं ऐकणार, आणि परत आल्यावर दुकानात जाऊन ते मागणार. इटलीची बरीच डान्स गाणी याच वाटेने वर गेली. सप्टेंबरचा चार्ट म्हणजे सुट्टीतल्या फोटोंचा अल्बमच असायचा.

खडूस काका

यात एवढी फसवणूक वाटण्यासारखं काय आहे? आपल्याकडे मधुबाला कधी गायली? आपण सत्तर वर्षं एकीचा चेहरा आणि दुसरीचा आवाज आनंदाने ऐकतोय.

चकलीताई

काका, फरक नावाचा आहे. आपल्याकडे पार्श्वगायिकेचं नाव लागतं.

पण तेही आपसूक झालेलं नाही. १९४९ च्या 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे मधुबालेच्या पात्राचं! लोक रेडिओकडे विचारणा करत सुटले, तेव्हा लताबाईंचं नाव सांगितलं गेलं. तेव्हा जेनी बीच्या जागी आपली लताही उभी होती, एवढं लक्षात असू द्या.

इटलीवाल्यांचं प्रकरण तर कोर्टापर्यंत गेलं होतं. ब्लॅक बॉक्सचं 'राइड ऑन टाइम' १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिलं होतं. त्यात लोलेटा हॉलोवेच्या जुन्या गाण्यातला आवाज उचललेला, आणि टीव्हीवर ओठ हलवत होती कॅट्रिन क्विनॉल नावाची मॉडेल. त्याच ग्रुपची पुढची गाणी मार्था वॉशने गायली, पण व्हिडिओत पुन्हा मॉडेलच. मार्थाबाईंनी दावा ठोकला आणि तडजोडीत पैसे घेतले. रातराणी, तुम्ही स्लाइडवर जेनी बी लिहाच.

डीजे निवृत्त

चकलीताई, +१. तिसरा प्रश्न राहिला. रातराणी, भ्रम नाही. अशा गाण्यांचं बारा इंची सिंगल, म्हणजे एकाच गाण्याची मोठी तबकडी, निघायचं, त्यावर एकाच गाण्याची तीन-चार रूपं असायची. क्लबसाठीच्या लांब मिक्समध्ये सुरुवातीला आणि शेवटी नुसता ठेका ठेवतात, म्हणजे डीजेला आधीच्या गाण्यातून अलगद यात शिरता येतं. रेडिओसाठी तो ठेका कापून टाकतात. फोनवर तुम्हाला बहुतेक रेडिओचं मिळालंय. गाण्याच्या नावापुढे 'क्लब मिक्स' किंवा 'एक्स्टेंडेड' लिहिलेलं शोधा.

एक तिकीट

अवांतर: आमच्या फिल्म सोसायटीत क्लेअर डेनिसचा १९९९ चा 'बो ट्रावाय' दाखवला होता. फ्रेंच सैनिकांची गोष्ट, तासभर वाळवंट, घाम, शिस्त. आणि शेवटी डेनिस लाव्हाँ रिकाम्या डिस्कोत एकटा, याच गाण्यावर असा काही नाचतो की बघणारा खुर्चीला खिळतो. तोवर मी या गाण्याला लग्नाच्या वरातीतलं समजत होतो.

रातराणींच्या लेकीचंही फार चुकलेलं नाही. ब्लॅक आइड पीजने २०१९ च्या 'रिटमो'मध्ये हेच ध्रुवपद घेतलंय. आणि इटलीवाल्यांनी तरी ते स्वतः कुठे रचलं होतं? १९८७ साली 'से व्हेन!' या ब्रिटिश जोडीचं 'सेव्ह मी' आलं होतं, चाल तिथली. गाण्याच्या श्रेयात त्या गीतकारांची नावं आहेत, तेवढं मात्र इटलीवाल्यांनी नीट केलं.

रातराणी

धन्यवाद मंडळी! स्लाइड अशी केली: 'आवाज: जेनी बी. पडद्यावर: ओल्गा सूझा. स्टेजवर: आम्ही पाच जणी.' दोन्ही पक्ष गप्प झाले. निवेदकाने 'नंबर वन'च्या पुढे 'इटलीत' हा शब्द नाइलाजाने घातला.

एक्स्टेंडेड मिळालं, पण आमच्या कॅसेटवर आणखी काहीतरी होतं. मध्येच दुसऱ्या गाण्याचा तुकडा यायचा आणि तिथे आम्ही गिरकी घ्यायचो. दुकानदाराने स्वतःच जोडला असणार. तो मिक्स जगात कुठेच मिळणार नाही. कॅसेट आईकडे माळ्यावर आहे. थेट प्लेअरला लावू का?

डीजे निवृत्त

थेट नको! आधी कॅसेटची फीत उघडी दिसते त्या बाजूने बघा, फितीमागे स्पंजचा इवलासा तुकडा असतो. इतक्या वर्षांत त्याचा गोंद सुकून तो पडतो, मग आवाज गाळात गेल्यासारखा येतो. पडला असेल तर दुसऱ्या कॅसेटचा काढून बसवा. प्लेअरचं हेड (फीत ज्याला घासून जाते तो भाग) कापसाने आणि स्पिरिटने पुसा. फास्ट फॉरवर्ड अजिबात करू नका. पहिल्याच वेळी वाजवताना फोनवर नाही, लॅपटॉपला वायर जोडून रेकॉर्ड करा, दुसरी संधी मिळेल याची खात्री नाही.

आणि तो तुकडा कोणत्या गाण्याचा निघाला ते इथे कळवा.