‘डोंगल चालत नाही’ म्हणजे नेमकं काय होत नाही?

प्रश्न: यूएसबीच्या वायफाय डोंगलबद्दल (संगणकाला वायफाय देणारं छोटं उपकरण) मदत मागणारे बहुतेक जण ‘चालत नाही’ एवढंच लिहितात. उत्तर देणारे मात्र ‘दिसतोय का?’, ‘ओळखला का?’, ‘नेटवर्क पकडतोय का?’ असं विचारतात. या शब्दांत खरंच फरक आहे का? आणि ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) ‘टाकणे’ बरोबर की ‘बसवणे’?

उत्तर: फरक आहे आणि तो जपायलाच हवा, कारण प्रत्येक शब्द बिघाडाची वेगळी जागा सांगतो.

डोंगल ‘दिसणे’ हे पोर्टचं काम. जोडताक्षणी प्रत्येक यूएसबी उपकरण आपला उत्पादक क्रमांक आणि उत्पादन क्रमांक कळवतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणासकट का होईना नोंद उमटली, किंवा लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ (lsusb) या जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणाऱ्या आज्ञेच्या यादीत ओळ आली, की डोंगल दिसला. तेवढंही झालं नाही तर ड्रायव्हर शोधू नका. आधी पोर्ट बदला, हब काढा, दुसऱ्या संगणकावर लावून बघा.

‘ओळखणे’ ही पुढची पायरी, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. त्या दोन क्रमांकांशी जुळणारा ड्रायव्हर सापडला तरच डोंगल ओळखला जातो. विंडोजने कोड २८ दाखवला तर ड्रायव्हर टाकलेलाच नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकलं नाही. इथे ‘मॉडेल’ हा शब्द फसवतो. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आली. वेष्टनावरचं नाव तेच, ड्रायव्हर मात्र पूर्ण वेगळा. म्हणून मदत मागताना मॉडेलबरोबर आवृत्ती आणि ते दोन क्रमांक लिहाच.

‘पकडणे’ रेडिओबद्दल आहे. फक्त २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क यादीत दाखवणारच नाही, ड्रायव्हर कितीही वेळा टाका. नेटवर्क पकडतं पण ‘टिकत नाही’, ही तक्रार आणखी निराळी. तिथे वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची संगणकाला दिलेली परवानगी काढून पाहावी.

‘टाकणे’ आणि ‘बसवणे’ दोन्ही रूढ आहेत. मला ‘टाकणे’ सहज वाटतं. पण टाकलेला ड्रायव्हर ‘लोड झाला’ (म्हणजे प्रत्यक्ष चालू झाला) असं गृहीत धरू नये. लिनक्सवर सिक्युअर बूट (स्वाक्षरी तपासणारी सुरक्षा) चालू असेल तर डिजिटल स्वाक्षरी नसलेलं मॉड्यूल (ड्रायव्हरची फाइल) सहसा अडवलं जातं. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाल्यावर बाहेरून आणलेला ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस नावाचं साधन हे काम आपोआप करतं. म्हणून ‘टाकला आहे, पण लोड होत नाही’ असं लिहिणाऱ्याला नेमकं उत्तर लवकर मिळतं.

पुरवणी प्रश्न: मग फर्मवेअर म्हणजे ड्रायव्हरच ना?

उत्तर: नाही. ड्रायव्हर संगणकाच्या प्रोसेसरवर चालतो, फर्मवेअर डोंगलमधल्या चिपवर. बऱ्याच डोंगलमध्ये ते कायमचं साठवलेलं नसतं. दर वेळी जोडल्यावर ड्रायव्हरच ती फाइल चिपला देतो. लिनक्सवर ‘डीमेसेज’ (dmesg) या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेत फर्मवेअर सापडत नसल्याची ओळ दिसली, तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्याचा उपयोग नाही. फर्मवेअरचं पॅकेज टाका आणि डोंगल काढून परत लावा.