डिमेन्शिया आणि पडणं: तुमच्या घरी काय उपयोगी पडलं, काय फसलं?

सासूबाईंना डिमेन्शिया आहे, सहा महिन्यांत तीनदा पडल्या. दरवेळी आमचं एकच, "एकट्या उठू नका म्हणून सांगितलं होतं ना!" आता दोन मिनिटांपूर्वीचं ज्यांना आठवत नाही त्यांना सांगून काय होणार, पण हे डोक्यात शिरायला माझे तीन वेळा हातपाय गळावे लागले. मग वहीत लिहायला लागले, किती वाजता पडल्या, कुठे, पायात काय होतं. तिन्ही वेळा पहाटे तीन-चारला, बाथरूमच्या वाटेवर. म्हणजे उगाच नव्हत्या उठत, लघवीला लागायची म्हणून उठायच्या! आता दोनला गजर लावून आम्हीच नेऊन आणतो, आणि वाटेवर रात्रभर मंद दिवा. पाणी दिवसा भरपूर, झोपायच्या आधी बेताचं (पण पाणी तोडू नका, अंगातलं पाणी कमी झालं की चक्कर येतेच). चार महिने पडल्या नाहीत. तुम्हीही लिहा, फसलेलं तर नक्की लिहा.

*

आमच्याकडे गुन्हेगार पायपुसणं निघालं. बाथरूमच्या दाराशी काळं पायपुसणं होतं, बाबा तिथे आले की थबकायचे आणि मग एकदम लांब ढांग टाकायचे, तोल जायचा. आम्हाला वाटायचं हट्टीपणा. नंतर कळलं त्यांना तो खड्डा दिसत होता. डोळे ठीक आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशनपण झालंय, पण डोळ्यांनी पाहिलेलं मेंदू नीट लावतच नाही. चकचकीत फरशी ओली वाटते ती त्यामुळेच. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड, तर बाबा अर्धे बाहेरच बसायचे, गडद निळी सीट बसवली आणि तो प्रश्न मिटला.

*

फसलेलं लिहिते. आई रात्री उठते म्हणून पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे लावून घेतले. ती कठड्यावर चढून उतरायला गेली आणि जास्त उंचीवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. कठडे कशासाठी आहेत हे तिला कळत नव्हतं, तिला फक्त आपल्याला अडवलंय एवढंच कळत होतं. आता पलंग जमिनीलगत खाली आणलाय आणि शेजारी पातळ गादी टाकलीय. बांधून ठेवा असाही सल्ला मिळाला होता, त्यावर न बोललेलंच बरं.

*

मोकळ्या स्लिपर फेकून द्या. मागून बंद, न घसरणाऱ्या तळाच्या चपला. नुसते मोजे घालून फरशीवर अजिबात नाही.

*

एक महत्त्वाचं. आजी व्यवस्थित चालत होती, अचानक दोन दिवसांत तीनदा पडली, नुसती झोपाळू, काहीतरी असंबद्ध बोलत होती. आम्ही म्हटलं आजार वाढला. डॉक्टरांनी लघवी तपासली तर इन्फेक्शन, ताप वगैरे काही नव्हता. औषध सुरू झालं आणि आठवड्यात ती पूर्वीसारखी चालायला लागली. तेव्हा अचानक बदल दिसला तर वयावर ढकलू नका, तपासून घ्या.

*

वरच्याला जोडून, गोळ्यांची यादीपण तपासून घ्या. बाबांना रात्री झोपेची गोळी आणि सकाळी बीपीची. फिजिओने आधी आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर बीपी घेतलं, वरचा आकडा 142 चा 114! उठल्यावर तीन मिनिटांत 20 किंवा जास्त उतरला तर लक्ष द्यायला हवं म्हणाले. डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या बदलल्या. (स्वतःच्या मनाने बंद करू नका हं, मी केलं होतं एकदा, चांगलंच निस्तरावं लागलं.) आता पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसवूनच उठवतो.

*

माझे मिस्टर चालताना मी काही विचारलं की जागच्या जागी थांबतात, कधी कधी तोलच जातो. चालणं आणि बोलणं दोन्ही एकदम जमत नाही त्यांना. तेव्हा चालताना मी गप्प (चाळीस वर्षांत जमलं नव्हतं ते आता जमतंय!). बसवतानाही एका वेळी एकच सूचना, आधी "खुर्चीला हात लावा", तो लागला की "आता बसा".

*

थोडं वेगळं मत. मावशी पडेल या भीतीने आम्ही तिला दिवसभर खुर्चीत बसवून ठेवलं. दोन महिन्यांत पायातली ताकद गेली आणि मग खुर्चीतून उठतानाच पडायला लागली. आता रोज हात धरून चालवतो आणि खुर्चीतून उठबस करून घेतो.

*

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला लागलेलं साधं समजू नका. आमचे आजोबा पडले तेव्हा नुसतं टेंगूळ होतं, दोन आठवड्यांनी सुस्त झाले, सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त साठलेलं दिसलं.

*

धागा मीच काढला आणि आत्ता पायपुसण्याचं वाचून उठून पाहून आले. आमच्याकडेपण बाथरूमसमोर गडद चॉकलेटी आहे. वहीत वेळ लिहिली, चपला लिहिल्या, ते मात्र कधी दिसलंच नाही मला. उचललं.