गोल्फमधी टणक जमिनीवरून चिप (होलजवळून मारलेला छोटा, बुटका फटका) मारताना तुमचं काय झालं, सांगा जी

पांधणवाला
काल काकूनं कुरडया घालाले अंगण सारवलं. दोन तासात असं वाळलं की चप्पल वाजे. ते पाहून मले एकदम १९९८ चा मे महिना आठवला. सुट्टीत मामाकडे गेलो की नागपूरकडच्या एका छावणीतल्या गोल्फ मैदानावर साहेबलोकांच्या बॅगा उचलाचो. गवत नावाले, खाली निस्ती कडक माती, अन् ग्रीन, म्हणजे होलभोवतीची सपाट जागा, बी हिरवं नव्हतं, तेल टाकून दाबलेल्या रेतीचं 'ब्राउन' होतं. एक साहेब ब्राउनपासून दहा पावलांवर आले की हमखास सँड वेज, म्हणजे रेतीतून बॉल उचलाचा तिरप्या तोंडाचा क्लब, मागत. मग एक तं बॉलच्या मांगची माती खणाची नाहीतर धार बॉलच्या कमरेत बसून तो सरळ पल्याडच्या बाभळीत, अन् शोधाले मी, पायात स्लीपर. एका म्हाताऱ्या कॅडीले एकदा राहवलं नाही, म्हणे "साब, आठ नंबर लो, झाडू जैसा हलका लगाओ." साहेबानं रागानं पाह्यलं, पण आठ नंबरचा आयर्न, म्हणजे कमी तिरप्या तोंडाचा लोखंडी क्लब, घेतला. बॉल गुडघ्याएवढा उठला, ब्राउनवर टेकला अन् गडगडत होलपाशी जाऊन थांबला. मले तं जादूच वाटली.
आता माह्याकडे भंगारातून घेतलेला एक वेज आहे, त्याच्यावर ५६ अन् १२ कोरलं आहे. रोज पांधणीत मारतो. दहातले चार फसतात. तुमचं कसं जमलं लिहा.

कोरडवाहू
५६ म्हणजे तोंड किती तिरपं त्याचा कोन, १२ म्हणजे बाऊन्स. वेजचं पोट पुढच्या धारेपेक्षा खाली असते, त्याचा कोन. वखराची पास समजा. जास्त कलली की मातीत घुसते, बैल थांबतात अन् रुमन्याचा दणका आपल्याले. बरोबर बसली की वरचेवर सरकत जाते. मी वर्षभर हात लय पुढं ढकलून दांडा कलवत होतो, कुठंतरी व्हिडिओत पाह्यलं होतं, त्यानं पोट वर जाते अन् जमिनीले निस्ती धार लागते. वैशाखात तशी एक बसली, मनगट पंधरा दिवस सुजलं, पऱ्हाट्या वेचाले गेलो नाही तं बायकोले वाटलं नाटकं करते. आता दांडा जवळपास सरळ, हात जरासेच पुढं, वजन डाव्या पायावर.

चुलीवरचा_चहा
हात पुढं नाही घेतले तं क्लब बॉलच्या मांगच जमिनीले लागते न पण?

कोरडवाहू
वजन उजव्या पायावर राह्यलं तं मांगून लागते. तुम्ही बॉल उचलाले जाता. उचलाचं काम लोखंडाचं आहे, आपलं नाही.

फक्कीमास्तर
मधल्या सुट्टीत टाइप करतोय, घाईत. शाळेच्या मैदानावर कबड्डीची फक्की असतेच, तिने एक सरळ रेष मारा. बॉल नको. रेष दोन पायांच्या मध्ये धरून नुसता क्लब वीस वेळा फिरवा, दर वेळी थोडं पुढे सरकत. क्लब रेषेवर किंवा रेषेच्या पुढे टेकला पाहिजे. माझे पहिल्या दिवशी वीसपैकी चौदा मागे होते! सातवीची पोरं विचारतात, सर तुम्ही काय झाडता. दोन महिन्यांनी तीन-चारच मागे पडायला लागले. आणि मधे गवत नसेल तर सरळ पटर (बॉल जमिनीवरून गडगडवायचा क्लब) काढा, त्यात लाज कसली. घंटा झाली, उरलेलं नंतर.

डुक्करपीडित
तुमची जमीन टणक तरी आहे. आमच्या इकडे काळी माती, एप्रिलात भेगा अशा की बॉल आत गेला तं बॅटरी लावून पाहा लागते. एक बॉल तं गेलाच, पावसाळ्यात उगवन म्हणून वाट पाहून राह्यलो 😂 भेगेसाठी नियमात सूट नाही, कमिटीनं ती जागा खुणा करून वेगळी काढली असन तरच. पण रानडुकरानं उकरलेल्या खड्ड्यात बॉल गेला तं फुकट ड्रॉप, म्हणजे दंड न लागता बॉल बाजूले टाकून मारता येते! २०१९ पासून कोणत्याही जनावरानं खोदलेला खड्डा चालते, पहिले बिळ करणारं जनावर लागे. म्हणजे डुकराचा पहिला फायदा मले गोल्फमधी झाला. भुईमुगाचं काय केलं त्यानं ते विचारू नका.

चुलीवरचा_चहा
आमचा अर्धा एकर मका गेला भाऊ. झटका मशीन लावली का तुम्ही?

डुक्करपीडित
लावली. बॅटरी चोरीले गेली.

वर्धाकाठी
स्पेनचा नामी गोल्फर सेवे बालेस्टेरोस लहानपणी एकाच ३ नंबरच्या आयर्ननं समुद्राच्या रेतीवर शिकला. आपल्याले समुद्र कुठून, पण उन्हाळ्यात वर्धेचं पात्र आहे न. पाण्याजवळची ओली, दाबलेली रेती म्हणजे अस्सल टणक जागा, अन् क्लब कुठं लागला त्याचा छाप तिथंच दिसते. खोटं बोलता येत नाही. तिथं कळलं की माहा दोष मनगटाचा आहे, बॉल मारता मारता मी डावं मनगट मोडतो.

लेक_माहेरी
मी खेळत नाही, भाऊ खेळतो. त्याचा एक बॉल आईने लपवला आहे, रोज टीव्ही पाहता पाहता टाचेखाली फिरवते, म्हणते डॉक्टरच्या गोळीपेक्षा बरा. भाऊ अजून पांधणीत शोधतोय. सांगू नका.
बाय द वे पांधणवाले, सारवलेल्या अंगणात चिप मारली की नाही ते सांगितलंच नाही तुम्ही.

पांधणवाला
मारली न. आठ नंबरनं, म्हाताऱ्यासारखी. बॉल मस्त उठला, गडगडला, अन् थेट कुरडयात. सात मोडल्या.

लेक_माहेरी
अगं बाई! काकू काय म्हणाल्या?

पांधणवाला
ज्यानं मोडल्या त्यानंच सोऱ्या दाबाचा म्हणे. सकाळपासून दाबून राह्यलो, दंड भरून आले. कोरडवाहू भाऊ, दांडा सरळचं उद्या पाहतो, अजून अर्धं गंज चीक बाकी आहे.