स्किनकेअर ब्रँडचा मर्चंडाइज: टोट (कापडी पिशवी), हेअरबँड, स्टिकर. छपाई कोणती?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा): खेळकर फेसवॉश-लिपबाम ब्रँडसाठी तिन्ही वस्तू हव्यात, शंभर-शंभर नग. चित्र हसऱ्या थेंबाचं, पाच रंगांत. कसं करावं?

उत्तर १: टोटला स्क्रीन प्रिंट, म्हणजे जाळीतून शाई दाबून केलेली छपाई. पण प्रत्येक रंगाला वेगळी जाळी, म्हणून पाच रंग म्हणजे पाच स्क्रीन, शंभर नगांत परवडत नाही. दोन रंगांवर या, तिसरा कापडाचाच मूळ रंग धरा. कॅनव्हास २४० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरमागे ग्रॅम) पातळ नको, बाटल्या टाकल्या की लोंबतो. तो आधी धुऊन आटवलेला घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात थेंबाचं हसू वाकडं होतं. पिगमेंट शाई १५० अंशांच्या आसपास काही मिनिटं पक्की करावी लागते. नुसती उन्हात वाळवून देणारेही भेटतील! ओल्या पांढऱ्या फडक्याने घासा, रंग लागला तर माल परत.

उत्तर २: टेरी (टॉवेलसारख्या कापडाच्या) हेअरबँडवर छपाई नकोच, शाई लूपच्या (धाग्याच्या उभ्या फासांच्या) टोकांवरच बसते. भरतकाम करा, तेही इलॅस्टिक शिवण्याआधी. वर पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवा, नाहीतर टाके लूपमध्ये बुडतात. अक्षरं ६ मिमीपेक्षा लहान नकोत.

प्रश्नकर्ता: आणि स्टिकर? ते बाथरूममधल्या आरशावर लावायचे आहेत.

उत्तर १: मग कागद बाद. विनाइल, वर लॅमिनेशन, कोपरे गोल, कडेला ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र). मोबाइलवरचा झगझगीत गुलाबी सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) मळकट होतो, म्हणून सॅम्पल हातात आल्याशिवाय पूर्ण ऑर्डर देऊ नका.