जॉइंट अ‍ॅन्युइटी: पेन्शन निम्मी-निम्मी दाखवता येत नाही

तुम्ही मांडलेला हिशोब (वडिलांच्या प्रेसमधून मिळालेल्या फंडातून आई-वडिलांच्या नावे जॉइंट लाइफ अ‍ॅन्युइटी, म्हणजे विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन घेतलेली आयुष्यभराची पेन्शन, मग रिटर्नमध्ये दोघांची निम्मी-निम्मी पेन्शन) चालणार नाही. फॉर्मवर दोन नावं असली तरी पहिला माणूस हयात असेपर्यंत पैसे त्यालाच मिळतात. दुसऱ्याचं नाव त्याच्या पश्चात जागं होतं. नाशिकरोडच्या बँकेतलं खातं जॉइंट असलं म्हणून उत्पन्न जॉइंट होत नाही. आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात (एआयएस) ते एकाच पॅनवर दिसतं.

मग आईचं नाव पहिलं टाकू, असं कुणीतरी सुचवलंय. पैसे वडिलांनी तिला नुसते दिलेले असतील तर तिची पेन्शन वडिलांच्याच उत्पन्नात धरली जाते. नवरा-बायकोत ही मेख आहेच. मुलाने स्वतःचे पैसे आईला भेट दिले तर क्लबिंग (असं देणाऱ्याच्या उत्पन्नात धरणं) लागत नाही, भेटीवरही कर नाही. दिंडोरीची विकलेली जमीन आईच्याच नावावर होती म्हणताय ना? मग त्या विक्रीच्या पैशातून घेतलेली पॉलिसी सरळ तिचीच, ती घ्या की!

आणखी एक. स्वतःच्या बचतीतून घेतलेली अ‍ॅन्युइटी 'इतर उत्पन्ना'त जाते. नोकरीच्या पेन्शनवरची स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) इथे नाही आणि जुन्या करपद्धतीत ज्येष्ठांना बँक-पोस्टाच्या व्याजावर मिळणारी ५० हजारांची वजावटही नाही. एजंट हे सहसा सांगत नाहीत. सही करण्याआधी फॉर्मवर पहिलं नाव कुणाचं लिहिलंय ते स्वतः वाचा, एजंटनं घाईत भरलेला कागद आंधळेपणाने पुढे सरकवू नका.