घरच्या कोकणी जेवणावर तीस दिवसांचे पॅलिओ चॅलेंज : कधी आणि कसे करावे?

रत्नागिरी_शिक्षिका (जून)

नमस्कार. मी रत्नागिरीत राहते. माझे वय ४२ आणि वजन ७१ किलो आहे. शाळेत शिकवत असल्यामुळे दिवसाचा बराच वेळ उभ्याने जातो, परंतु तो व्यायाम नव्हे, हे दोन जिने चढल्यावर लागणाऱ्या धापेवरून कळू लागले आहे. आमच्या व्यायामशाळेतील महिलांच्या गटाने १ जुलैपासून तीस दिवसांचे पॅलिओ चॅलेंज, म्हणजे शेती येण्याआधीच्या माणसासारखा आहार, करायचे ठरवले आहे. त्यात धान्ये, डाळी, कडधान्ये, शेंगदाणे, दूध व दुधाचे पदार्थ, साखर, गूळ, रिफाइंड तेले आणि पाकीटबंद खाणे पूर्णपणे वर्ज्य आहे. मासे, मांस, अंडी, भाज्या, कंद, फळे, नारळ आणि काजू-बदाम चालतात. शिवाय आठवड्यातून चार सकाळी पाऊण तास बैठका, जोर आणि डंबेल्सचा व्यायाम आहे.

माझी अडचण अशी की घरात आम्ही पाच जण आहोत आणि स्वयंपाक मी एकटीच करते. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात आणि माशाचे कालवण किंवा आमटी, रात्री भाकरी हा आमच्याकडचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे, आणि माझ्या एकटीसाठी दुसरी चूल मांडायची माझी तयारी नाही. गटाने दिलेल्या तक्त्यात ब्रोकोली, ॲव्होकाडो आणि बदामाचे पीठ आहे, जे इथल्या आठवडी बाजारात मिळत नाही आणि मिळाले तरी रोज परवडणारे नाही. जुलैत मासेमारी बंद असते आणि त्यापाठोपाठ श्रावण येतो, ज्यात आमच्या घरात मासळी शिजत नाही. भाताच्या जागी काय खावे म्हणजे व्यायामाला बळ राहील, सुक्या मासळीवर भागेल का, आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणारे माझे सासरेही माझ्याबरोबर भात सोडतो म्हणत आहेत ते योग्य होईल का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

मालवण_किनारा

ताई, मी हा प्रयोग दोनदा केला आहे. पहिल्यांदा जुलैतच केला आणि अकराव्या दिवशी सोडला, म्हणून सर्वात आधी महिन्याविषयी लिहितो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौका बंदरात उभ्या असतात. बाजारात येते ती खाडीची थोडी मासळी, आणि तीही चढ्या भावाने. पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढणारे मासे मिळतात खरे, पण ते अंडी घालायला निघालेले असतात, आणि आपल्या तीस दिवसांसाठी त्यांच्यावर भार टाकू नये असे मला मनापासून वाटते. त्यानंतर श्रावण, मग गणपतीतील मोदक, नवरात्र, दिवाळीचा फराळ. घरच्या बाईने सगळ्यांसाठी मोदक वळायचे आणि स्वतः एकही खायचा नाही, हा नियम मी तरी कुणाला सुचवणार नाही.

माझा सल्ला असा, की तुम्ही कार्तिक महिना धरा. भाऊबीज झाली की सुरुवात करा आणि मार्गशीर्षातले गुरुवार लागण्याआधी संपवा. त्या दिवसांत बांगडा आणि तारली भरपूर व स्वस्त असतात, आणि मुख्य म्हणजे कंद निघू लागतात. रताळी, सुरण, करांदे, कणगर हेच तुमचे भात आणि हीच तुमची भाकरी. मधल्या एकादशीलाही अडत नाही, कारण रताळे उपासाला चालतेच. फक्त साबुदाण्याच्या खिचडीतील शेंगदाणे आणि वरी टाळावी लागेल.

दोन चुलींचा प्रश्न मी असा सोडवला : भांडे एकच ठेवायचे आणि पान वेगळे वाढायचे. आपल्या कालवणाला पीठ लावावे लागत नाही, ओल्या नारळाच्या वाटपानेच त्याला दाटपणा येतो. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, तिसऱ्यांचे सुके, कोळंबी घातलेले पडवळ, शेवग्याच्या शेंगांची नारळाच्या रसातली भाजी, नीट पाहिले तर यात वर्ज्य असे काहीच नाही. घरच्यांनी ते भाताबरोबर खावे, तुम्ही उकडलेल्या सुरणाबरोबर. सोलकढीत आमसूल, नारळाचे दूध, लसूण, मिरची आणि मीठ एवढेच असते, त्यामुळे ती निर्धास्त प्या. साखर घालायची सवय असेल तर तेवढी सोडा.

इथे एक गोष्ट सांगतो, जी कोणत्याही तक्त्यात लिहिलेली नसते. आपले कालवण भातात कालवायच्या हिशेबाने तिखट आणि खारट केलेले असते. भात काढून घेतला की तेच कालवण तोंडाला झोंबते, पाणी जास्त प्यायले जाते आणि चौथ्या दिवशी माणूस कंटाळून भाताकडे वळतो. म्हणून मीठ आणि तिखट सुमारे एक तृतीयांशाने कमी करावे, वाटप थोडे वाढवावे आणि रस दाट ठेवावा. ज्यांना हवे असेल त्यांनी पानात वरून मीठ घ्यावे.

तळणीच्या माशाला आपण तांदळाचे पीठ किंवा रवा लावतो. तो न लावता मीठ, हळद, मसाला आणि आमसुलाचा आगळ चोळून अर्धा तास ठेवावा आणि बिडाच्या तव्यावर घाण्याच्या खोबरेल तेलात मंद आचेवर भाजावा. मासा उलटण्याची घाई केली तर चिकटतो, कडा सुटू लागल्यावर आपोआप निघतो. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि काही घरांत मसाल्यातच हरभऱ्याची डाळ भाजून घालतात, एवढे पाहून घ्या. अळूच्या फदफद्यात डाळ आणि शेंगदाण्यांऐवजी काजू आणि फणसाच्या आठळ्या घाला. सुरण चिंच किंवा आमसूल घालून उकडला की घशाला खाजत नाही.

आणि जुलै पूर्ण वाया घालवू नका. गटाबरोबर व्यायाम १ तारखेलाच सुरू करा आणि आहारात फक्त रात्रीची भाकरी बंद करून नीरफणसाची भाजी किंवा पिठाशिवायचे काप खा. चार महिन्यांनी खरे चॅलेंज सुरू होईल तेव्हा हात आणि जीभ दोन्ही तयार असतील.

दापोली_आहारसल्लागार

वरील प्रतिसादातील स्वयंपाकाच्या भागाशी मी पूर्ण सहमत आहे. मी केवळ प्रकृतीविषयी लिहिते. सासऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात एकदम बंद करू नये, ही विनंती अत्यंत गांभीर्याने घ्यावी. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन हे शरीराने काय खाल्ले आहे याची वाट न पाहता साखर कमी करत राहतात. पानातील कर्बोदके अचानक घटली आणि मात्रा तीच राहिली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम सुटणे, हातपाय थरथरणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे आहेत. मात्रा ठरवून मगच आहार बदलावा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हेच लागू आहे, आणि युरिक ॲसिड वाढलेल्या व्यक्तींनी तारली, बांगडा आणि शिंपल्यांचा मारा करू नये.

तुमच्यासाठी दोन बाबी. पहिली कॅल्शियमची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. दूध बंद होते आणि धान्यांबरोबर नाचणीही जाते, जिच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. ही तूट मऊ काट्यांसह खाता येणाऱ्या लहान माशांनी काही प्रमाणात भरून निघते. म्हणून सुरमईच्या तुकड्यांपेक्षा तारली आणि मांदेली बरी. तारली आमसूल घालून मंद आचेवर जास्त वेळ शिजवली तर काटे नरम होतात. शेवग्याचा पाला आणि तीळ यांचाही उपयोग होतो. दुसरी बाब सुक्या मासळीची. सोडे आणि सुकट यांत प्रथिने उत्तम असतात, परंतु खारवलेल्या मासळीतील मिठाचे प्रमाण पाहता ती कोमट पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन, आठवड्यातून एकदोनदाच खावी. रक्तदाब असेल तर तेवढीही नको. नारळ आपला आहे म्हणून कितीही चालतो असेही नाही. खोबरेल तेलातील सुमारे ९० टक्के स्निग्धांश संपृक्त असतो, त्यामुळे वाटपात खोबरे आहे त्या दिवशी वरून तेल बेताने घ्यावे.

आणखी एक. पहिल्याच आठवड्यात दीडदोन किलो वजन उतरले तर फार हुरळून जाऊ नका. शरीर स्नायूंत आणि यकृतात जी साखर साठवते, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते; तो साठा उतरला की पाणीही जाते, आणि भात सुरू केल्यावर परत येते. काट्यापेक्षा कमरेच्या मापाकडे आणि धापेकडे लक्ष द्या. व्यायामाच्या आदल्या रात्री आणि व्यायामानंतर १५०-२०० ग्रॅम रताळे जरूर खा. पॅलिओ म्हणजे कर्बोदके शून्य, हा गैरसमज अनेक गटांत असतो आणि त्यानेच बैठका मारताना गरगरते.

कातळवाट

मी राजापूर तालुक्यातला आहे आणि कशेळीचे कातळशिल्प अनेकदा पाहिले आहे. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कोरलेला तो सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती, त्याच्या आत कोरलेले प्राणी आणि मासे पाहिले की या किनाऱ्यावर शेती नव्हती तेव्हाचा माणूस काय पाहत आणि काय खात असेल, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. २०२२ मध्ये कोकणातील ही शिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यामुळे ‘पूर्वजांचा आहार’ ही कल्पना मला परकी वाटत नाही. पण तिच्या नावाने जे नियम सांगितले जातात, त्यांतील काही टिकत नाहीत, आणि ताईंनी ते जाणून मगच स्वतःला बांधून घ्यावे असे वाटते.

या विचाराला वैद्यकीय जगात वजन आले ते १९८५ मध्ये ईटन आणि कॉनर या दोन संशोधकांनी लिहिलेल्या लेखामुळे. शेती सुमारे १०,००० वर्षांपूर्वी आली आणि आपले शरीर अजून त्याआधीच्या अन्नाला सरावलेले आहे, असे त्यामागचे गृहीतक. परंतु गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो येथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी जव आणि गहू दगडावर दळल्याच्या खुणा सापडल्या आहेत. म्हणजे नांगर येण्याआधीही माणूस दाणे खात होता.

आपल्या पानाकडे पाहिले तर गंमत नव्हे, खरोखर विचार करावा असे काही दिसते. चॅलेंजमध्ये चालणारी मिरची, काजू आणि रताळे ही तिन्ही अमेरिका खंडातून आलेली आहेत. पोर्तुगीज समुद्रमार्गाने आले त्यानंतरची, म्हणजे जेमतेम पाचशे वर्षांची. नीरफणस प्रशांत महासागरातील बेटांवरचा. आणि जो वर्ज्य ठरतो तो तांदूळ आणि कुळीथ मात्र या भूमीत त्याहून कितीतरी जुना आहे. खरोखर इथले म्हणावे ते सुरण, फणस, आमसूल आणि रानातले करांदे. तेव्हा कुळथाची पिठी ‘माणसाचे अन्न नाही’ असे कुणी सांगितले तर ते मनावर घेऊ नका. तीस दिवस वर्ज्य करायला हरकत नाही. पण चॅलेंजने ज्या गोष्टी खऱ्या अर्थाने दूर होतात त्या बटर, खारी, बिस्किटे, फरसाण आणि चहातली साखर, आणि फायदा झाला तर त्याचे मोठे श्रेय त्यांच्या जाण्याला असेल.

सागवे_पायवाट

केवळ व्यायामाविषयी दोन ओळी. पावसाळ्यात पुळणीवर धावायला जाऊ नका, समुद्र भरवशाचा नसतो. कार्तिकात मात्र ओहोटीच्या वेळी अनवाणी चाला. मऊ वाळूत चालायला कडक जमिनीवर चालण्याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक ऊर्जा लागते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात वीस मिनिटे पुरेत आणि पोटऱ्या दुखल्या तर एक दिवस ओल्या, घट्ट वाळूवरून चालावे.

रत्नागिरी_शिक्षिका (मार्गशीर्ष)

सर्वांचे मनापासून आभार, आणि उत्तराला पाच महिने लागले याबद्दल क्षमस्व. मी गटाबरोबर जुलैत फक्त व्यायाम केला आणि चॅलेंज कार्तिकातच केले. पहिले पाच दिवस डोके दुखत होते आणि तिसऱ्या सकाळी बैठकांच्या दुसऱ्या फेरीतच पाय लटपटले; आदल्या रात्री मी रताळे खाल्ले नव्हते. त्यानंतर रताळे एकाही व्यायामाच्या दिवशी चुकवले नाही. कालवणातील मीठ-तिखट कमी करण्याची सूचना सर्वाधिक उपयोगी पडली. सासूबाईंनी पहिल्या दिवशी अळणी म्हणून वाटी बाजूला सारली, पण पंधरवड्यात घरातल्या सगळ्यांना तीच चव रुळली आणि आता मीठ पुन्हा वाढवायला कोणी सांगत नाही.

सासऱ्यांना डॉक्टरांकडे नेले. त्यांनी भात बंद न करता निम्मा करायला आणि संध्याकाळचे फरसाण थांबवायला सांगितले, गोळी तीच ठेवली आणि दर आठवड्याला साखर मोजायला लावली. ते एवढेच करत आहेत आणि त्यात समाधानी आहेत.

तिसाव्या दिवशी माझे वजन ६८.४ किलो आणि कंबर साडेचार सेंटिमीटरने कमी होती. नंतर सकाळची पेज सुरू केल्यावर आठवडाभरात ८०० ग्रॅम परत आले, जे मला आधीच सांगितलेले असल्यामुळे घाबरले नाही. शाळेचे दोन जिने आता न थांबता चढते. नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी मी पुन्हा खाऊ लागले आहे. चहातली साखर, बिस्किटे आणि रिफाइंड तेल मात्र घरात परत आणलेले नाही.

आता एक शंका उरली आहे. बाजारातून आणलेले करांदे मी दोनदा उकडले आणि दोन्ही वेळा ते इतके कडू लागले की टाकून द्यावे लागले. मालवणच्या दादांनी ते कापून उकडायचे की अख्खे, आणि पाणी किती वेळा बदलायचे, हे कृपया सविस्तर सांगावे. घरात अजून दोन किलो आहेत.