मदत हवी आहे : प्रभुभोजनातील स्मरण तरुणांना कसे समजवावे?

खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी प्रोटेस्टंट मंडळीत दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर स्वतःच्या विश्वासाची कबुली देण्याच्या विधीच्या) तयारीत असलेल्या तरुणांना प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकरी व द्राक्षारस घेण्याचा विधी) शिकवण्याचे काम माझ्याकडे आहे. बायबलमधील लूक 22:19 आणि 1 करिंथ 11:24-26 (पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र) आम्ही वाचले असून, ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ ही आज्ञा मत्तय व मार्क यांच्या वृत्तांतात नाही, हेही पाहिले आहे. निर्गम 13:8 मध्ये वल्हांडण (मिसरातून झालेल्या सुटकेचा सण) पाळणारा बाप मुलाला ‘परमेश्वराने माझ्यासाठी केले’ असे सांगतो. त्यावरून हे स्मरण केवळ गतकाळाची आठवण नसावे, असे मला वाटते. 1 करिंथ 10:16 तर ख्रिस्ताच्या शरीरात सहभागी होण्याविषयीच बोलते. मात्र मंडळीतील काही वडीलधारे ‘आठवण म्हणजे आठवण’ एवढ्यावरच थांबतात (1529 मध्ये मारबुर्ग येथे भाकरीतील ख्रिस्ताच्या उपस्थितीवर ल्यूथर आणि झ्विंग्ली या प्रोटेस्टंट धर्मसुधारकांचेही एकमत झाले नव्हते, तेव्हा दोष कोणाला द्यावा?). बरीच मुले कन्नड माध्यमातील आहेत, काहींचे नातलग रोमन कॅथलिक आहेत. म्हणून खंडनमंडन टाळून साध्या मराठीत बोलावे लागेल. स्मरण आणि सहभाग यांचा संबंध केवळ शास्त्रवचनांच्या आधारे कसा मांडावा, आणि ‘तो येईपर्यंत’ (म्हणजे ख्रिस्त पुन्हा येईपर्यंत) हे 1 करिंथ 11:26 मधील शब्द त्यात कोठे बसतात?